मध्यम बजेटचा लॅपटॉप : घेताना काय पाहिलं, वापरताना काय नडलं?

मीटरगेज
माझा जुना डबा आता सेवानिवृत्त करायचाय. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि प्रोसेसर सातव्या पिढीचा, त्यामुळे ११ वर रीतसर जाता येत नाही. महिन्यातले आठ-दहा दिवस मी साइटवर असतो : चाकण, वाळूज, बुटीबोरी, कधी हुबळी. बाकीचे दिवस तोच लॅपटॉप घरी. बायकोचं टॅली, लेकीचे क्लास. बजेट ६० हजार, ताणून ६५. दुकानात गेलं की आय फाइव्ह की रायझन फाइव्ह, याच्यापुढे गाडी सरकत नाही.
नुसती मॉडेलची नावं नकोत, ती सहा महिन्यांत बदलतात. वर्ष-दोन वर्षं हाताळल्यावर काय पस्तावलात, ते लिहा.

बोरकूट
पस्तावा म्हणालात म्हणून लिहिते. मी १५.६ इंची घेतला, कारण उजवीकडे नंबर पॅड. व्हाउचर मारायला बरा पडतो हे खरंच. पण मी आठवड्यातून तीनदा पुणे-मुंबई करते. एक दिवस खांदा इतका भरून आला, की घरी येऊन सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. लॅपटॉप १ किलो ७८० ग्रॅम, चार्जर वायरसकट ३९० ग्रॅम. हा चार्जर दुकानात कुणी काढून दाखवत नाही, बरं का! त्यात डबा, पाण्याची बाटली, छत्री, आणि वर दादरचा जिना.
आता १४ इंची वापरते आणि घरी टेबलावर वेगळा यूएसबीचा नंबर पॅड ठेवलाय. पाचेकशे रुपयांचं काम. हे आधी सुचलं असतं तर फिजिओथेरपीचे पैसे वाचले असते.

कडेपठार
प्रोसेसरचं थोडं सांगतो, कारण नुसत्या ‘फाइव्ह’वर जाऊ नये. रायझनच्या ७००० मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा बघायचा, तो आतली बांधणी सांगतो. ७५२०यू म्हणजे झेन २, ही बांधणी २०१९ ची. त्यात चार कोर, आणि रॅम बोर्डालाच डकवलेली, नंतर वाढत नाही. ७५३०यू म्हणजे झेन ३, सहा कोर. दोन्हींवर स्टिकर रायझन ५ चाच! इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. यू असेल तर वीज कमी खातो, एच असेल तर जोर जास्त, पण बॅटरी लवकर बसते आणि पंखा बोलतो. टॅली आणि मेलला यू पुष्कळ झाला. रॅम मात्र १६ जीबी घ्या. ८ ची घेणार असाल तर दुसरा स्लॉट रिकामा आहे ना, एवढं विचारा.

जुना खलाशी
सगळे नव्याच्या मागे का लागलेत कळत नाही. मी दोन वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून थिंकपॅड टी४८० आणला, २०१८ चा, कंपनीच्या लीजमधून परत आलेला. प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ चालतं. रॅमला दोन स्लॉट. कीबोर्ड असा, की नवीन पातळ लॅपटॉपवर टाइप करताना पाटावर बोटं आपटल्यासारखं वाटतं.
पण जुनं घेताना एक काम दुकानात उभं राहूनच करायचं. काळी कमांडची खिडकी उघडायची, पॉवरसीएफजी लिहायचं, एक जागा सोडून स्लॅश, आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट. एक फाइल तयार होते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे शेजारी-शेजारी असतात. माझ्या मशीनमध्ये बॅटऱ्या दोन. आतली ठीक होती; बाहेरची मूळची २४ हजार मिलिवॉट-तासांच्या घरातली, भरत होती जेमतेम ११ हजार. मी स्क्रीन दुकानदाराकडे फिरवली. तो काही बोलला नाही, खालच्या खणातून दुसरी बॅटरी काढून लावली. तीही तपासली. तिसरी घेतली.
या मॉडेलमध्ये बाहेरची बॅटरी चालू मशीनवर बदलता येते, आतली तेवढा वेळ धरून ठेवते. रात्रीच्या गाडीत फार उपयोगी. वॉरंटी? दुकानदाराची, तीन महिने, तोंडी. ते मान्य असेल तरच या वाटेला जा.

आजोळ सावर्डे
माझं प्रकरण वेगळंच. नवीन ॲल्युमिनियम बॉडीचा लॅपटॉप, हलका, दिसायला देखणा. गणपतीत गावी नेला, ओटीवर बसून काम सुरू केलं, तर मनगट टेकलं की झिणझिण्या. मला वाटलं हातच आखडला. मग चुलतबहीण अनवाणी आली, तिने झाकणाला हात लावला आणि किंचाळली. काका म्हणाले, ‘मशीन खोटं आहे, परत कर.’
गावातल्या वायरमनने टेस्टर लावला, बॉडीवर मंद दिवा लागला. त्याने लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही, थेट मीटरपाशी गेला. जुन्या घराला अर्थिंगच नव्हतं. तीन पिनांची सॉकेटं नुसती शोभेला. चार्जरच्या आतला फिल्टर थोडासा करंट अर्थिंगकडे सोडतो, त्याला वाट मिळाली नाही की तो धातूच्या बॉडीवर येतो. परसात खड्डा, कोळसा, मीठ, पाइप असा सगळा घाट घातला तेव्हा मिटलं. तोवर चार दिवस मी बॅटरी भरून, पिन काढून काम केलं. साइटवरच्या तात्पुरत्या बोर्डांवरही हेच होऊ शकतं, मीटरगेज, लक्षात असू द्या.

दहाचा डबा
बिजागरी!! त्याबद्दल कुणी कसं बोललं नाही? माझ्या लॅपटॉपची डावीकडची बिजागरी चौदाव्या महिन्यात उखडली. पडला नाही, आपटला नाही. रोजच्यासारखा उघडायला गेले, कट्ट आवाज आला आणि कोपरा उसवला. आत प्लास्टिकमध्ये पितळेचे नट बसवलेले असतात. बिजागरी घट्ट आणि प्लास्टिक पातळ, मग नट प्लास्टिकसकट वर येतो. वॉरंटी वाढवून घेतलेली होती, तरी सर्व्हिस सेंटरचं उत्तर, ‘फिजिकल डॅमेज आहे मॅडम, बसत नाही.’ खर्च सांगितला ९,४००. मी टपरीवजा दुकानातल्या एका मुलाकडे गेले. त्याने ॲराल्डाइट भरून नट पुन्हा बसवले, १,२०० घेतले, आणि वर दम दिला : झाकण कोपऱ्याला धरून उघडायचं नाही, मधोमध धरायचं. दीड वर्ष झालं, टिकलंय.
तेव्हा नुसती वाढीव वॉरंटी आणि अपघाती नुकसानीचं कव्हर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घेताना कागद वाचा. ऑनसाइट म्हणत असतील तर तुमच्या पिनकोडला माणूस येतो का, तेही.

निविदाकार
एका ओळीत : डिजिटल सहीचं टोकन वापरता का? माझं जुन्या चपट्या यूएसबीचं. नवीन लॅपटॉपला दोन्ही पोर्ट छोटे, टाइप-सी. टेंडरची मुदत दुपारी तीनची, मी लातुरात, आणि दोन्हींना जोडणारा कनेक्टर घरी पुण्यात. शेवटी लॉजच्या मॅनेजरच्या कॉम्प्युटरवरून भरलं. अडीच वाजता त्यावर टोकनचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर उतरवत होतो.

उंबरठा (सध्या म्युनिक)
जर्मनीतून भावासाठी आणला. प्रौढ प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो, तो प्रश्न नव्हता. पण इथल्या कीबोर्डवर झेड आणि वायच्या जागा उलट्या! भाऊ अजून पासवर्ड चुकतो. कुणी नातेवाइकाकडून मागवणार असाल तर हे आधी विचारा.

मीटरगेज
सगळ्यांचे आभार. रॅम १६, पडदा १४ इंची, एक तरी चपटा यूएसबी, आणि टाइप-सी वरून चार्ज होणारा, म्हणजे फोनला आणि त्याला मिळून ६५ वॉटचा एकच चार्जर. एवढं कागदावर लिहून काल दुकानात गेलो. गावंढळ दिसलं तरी चालेल म्हणून बॅग तोलायचा आकड्याचा काटाही नेला. मशीन पिशवीत घालून लटकवलं, तर पोरगा म्हणतो, ‘साहेब, किलोवर घेणार का?’
बिल जीएसटी नंबर टाकून करून घेतलं, १८ टक्क्यांची वजावट तेवढीच. कनेक्टर टोकनसाठी नाही, पण घेतला.

बोरकूट
ते सगळं ठीक. वजन किती भरलं?

मीटरगेज
चार्जरसकट १ किलो ७१०.