नोकरी गेल्यावर भत्ता मिळाला तर माणूस आळशी होतो का?

साचेखातं_परळ:
मंडळी, गेले दोन महिने डोक्यात एकच विषय आहे म्हणून धागा काढतोय. माझा आत्येभाऊ चाकणला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सीएनसी सेटर (संगणकावर चालणाऱ्या मशीनची मापं लावून देणारा) होता, सहा वर्षं. पगार १८,००० आणि दर महिन्याला स्लिपवर ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) १३५ रुपये कापलेले. ऑर्डरी कमी झाल्या तेव्हा एचआरने अकरा जणांना केबिनमध्ये बोलावलं आणि समोर टाइप केलेला कागद ठेवला, सही करा. कागद राजीनाम्याचा. आता ईएसआयमध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, नोकरी गेली तर सरासरी कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. याचे साधारण २७,००० झाले असते. पण स्वतःहून सोडली असं कागदावर दिसलं की प्रकरण अडकतं, तसं ते अडकलं. पाच आठवडे त्याने त्याच लाइनचं काम शोधलं, मग घराचा हप्ता चुकला आणि आता तो दिवसाचे बारा तास बाइकवर पार्सल पोचवतोय. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकं बारीक माप लावणारा हात!

यावर घरी चर्चा निघाली की काका लोकांचं ठरलेलं वाक्य येतं, "फुकट पैसे मिळाले तर कोण काम करेल." म्हणून जरा वाचलं. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी यांचा २००८ चा अमेरिकेवरचा अभ्यास आहे. भत्ता मिळाला की लोक जास्त दिवस बेकार राहतात हे त्यांनाही दिसलं, पण का राहतात हे त्यांनी वेगळं करून बघितलं. ज्यांच्या गाठीला पैसा होता त्यांच्यावर भत्ता वाढल्याचा फारसा फरक नाही, ज्यांच्याकडे काहीच नव्हतं तेच जास्त थांबले. कामावरून काढताना एकरकमी पैसे मिळालेले लोकसुद्धा जास्त थांबले, आणि त्या पैशाला तर घरी बसायची अटच नव्हती! हिशेब असा निघाला की त्या जादा थांबण्यातला ६० टक्के भाग आळसाचा नाही, खिशात पैसे असल्यामुळे धीर धरता आला त्याचा आहे.

माझे वडील मुंबईच्या कापड गिरणीत, साचेखात्यात (म्हणजे माग चालतात त्या विभागात) विणकर. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर. गिरणी पुढे उघडलीच नाही. वडील वर्षभराने एका बिल्डिंगला रात्रपाळीचे वॉचमन झाले ते शेवटपर्यंत. तुटलेला धागा चालू साच्यावर ते बोटाने कसा जोडायचे ते मी लहानपणी बघितलंय. त्या बोटांनी पुढं वीस वर्षं गेटची नोंदवही लिहिली. हे नुकसान फक्त आमच्या घराचं होतं का? देशाच्या उत्पन्नातून एक विणकर वजा झाला ना. माझं स्पष्ट मत आहे, निदान सहा महिने, पगाराच्या ५० टक्के, आणि राजीनाम्याची पळवाट बंद.

लघुउद्योजक_भोसरी:
दादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण दोन गोष्टी सांगतो. एक, संपावर गेलेल्याला बेकारी विमा अमेरिकेतसुद्धा बहुतेक राज्यांत मिळत नाही, न्यूयॉर्कसारखे अपवाद सोडले तर. दोन, माझ्याकडे १४ माणसं आहेत. १८,००० पगारावर माझा ३.२५ टक्के म्हणजे माणशी ५८५, महिन्याला ८,१९० रुपये, आणि मोठी कंपनी माझं बिल ९० दिवसांनी काढते पण ईएसआयची तारीख थांबत नाही. आता सहा महिन्यांचा भत्ता म्हटलं की टक्का वाढणार, मग मी पंधरावा माणूस घेणार नाही, मशीन घेईन. वाढ म्हणजे शेवटी कोणीतरी पंधरावा माणूस घेतो तेव्हाच होते ना?

आणि जर्मनीचं बघा. २००५ पासून हार्ट्झ सुधारणा केल्या, लांबलेल्या बेकारीचा भत्ता थेट गरिबांच्या मदतीइतका खाली आणला, बहुतेकांचा विमा १२ महिन्यांवर आणला. तेव्हा बेकारी ११ टक्क्यांवर होती, दहा वर्षांत जवळजवळ निम्मी झाली. भत्ता आवळला आणि लोक कामाला लागले, यात काय चूक आहे?

केरीकर_एनसी:
मी नॉर्थ कॅरोलायनात २००९ पासून आहे, त्यामुळे यावर बोलायला हवंच. आमच्या राज्याने हा प्रयोग प्रत्यक्ष केलाय. मंदीत भत्ते देऊन देऊन राज्याच्या विमा फंडावर केंद्राचं अडीच अब्ज डॉलरच्या आसपास कर्ज झालं होतं, ते फेडायला १ जुलै २०१३ ला आठवड्याचा कमाल भत्ता ५३५ डॉलरवरून ३५० केला आणि २६ आठवड्यांचे २०, पुढं बेकारीचा दर उतरला तसे १२ पर्यंत. आणि त्यामुळे केंद्राची मंदीतली मुदतवाढही (राज्याचे आठवडे संपल्यावर केंद्राच्या पैशातून मिळणारा भत्ता) आमच्या एकट्या राज्यात तिथंच संपली. पुढच्या महिन्यांत बेकारीचा दर झपाट्याने उतरला, राजकारण्यांनी टाळ्या वाजवून घेतल्या. पण कामगारच कमी मोजले जात होते हो, काम शोधणं सोडलेला माणूस बेकार म्हणून धरतच नाहीत. आणि शेजारच्या साउथ कॅरोलायनातही दर तसाच उतरत होता, तिथं त्या वर्षी असली काही कात्री लागली नव्हती.

मग अर्थशास्त्रज्ञांची जुंपली. हागेडॉर्न, मानोव्स्की वगैरे मंडळींनी राज्यांच्या सीमेवरच्या लागून असलेल्या काउंट्या (म्हणजे तिथले जिल्हे) ताडून बघितल्या आणि म्हणाले की २०१३ च्या अखेरीस मुदतवाढ बंद झाल्यामुळे २०१४ मध्ये १८ लाख नोकऱ्या निर्माण झाल्या. त्यांचा मुद्दा भोसरीच्या साहेबांसारखाच, भत्ता जास्त तर मजुरी चढते, मालक जागाच काढत नाही. दुसऱ्या बाजूने शोडोरो-राइश, कोल्यानीज आणि काराबार्बूनिस यांचा २०१९ चा पेपर. त्यांची युक्ती मला फार आवडली. मुदतवाढ त्या वेळी जाहीर झालेल्या बेकारी दरावर ठरायची, आणि तो दर नंतर सुधारायचे. म्हणजे खरी परिस्थिती सारखीच असलेल्या दोन राज्यांपैकी एकाला केवळ मोजणीच्या चुकीमुळे जास्त आठवडे मिळाले. औषधाची चाचणी करताना चिठ्ठ्या टाकतात तसंच झालं की. त्या चुकीने मिळालेल्या आठवड्यांचा बेकारीवर परिणाम बघितला तर जवळजवळ शून्य.

मी स्वतः २०१९ मध्ये लेऑफ झालो तेव्हा ग्रीन कार्ड होतं म्हणून क्लेम करता आला. १२ आठवडे, ३५० डॉलर. दर आठवड्याला कुठं कुठं अर्ज केले ते लिहून सर्टिफाय करायचं. घराचं भाडंसुद्धा त्यात निघत नव्हतं, बसून खाण्याची गोष्ट सोडाच.

लघुउद्योजक_भोसरी:
साहेब तुम्ही १२ आठवड्यांत लागलात ना पण? हेच तर म्हणतोय. भत्ता संपायच्या तोंडावर लोक एकदम कामाला लागतात असं आकड्यांत दिसतं, हे मी पण वाचलंय.

केरीकर_एनसी:
अकराव्या आठवड्यात लागलो, आधीच्या पगारापेक्षा १५ टक्के कमीवर, आणि ते दोन वर्षं भरून निघालं नाही. तुम्ही म्हणता ती उसळी बेकारांच्या यादीतून नाव जाण्यात दिसते. ऑस्ट्रियात कार्ड, चेट्टी आणि वेबर यांनी २००७ मध्ये नाव कमी झालं ते कशामुळे ते तपासलं, तर मुख्यतः भत्ता संपला म्हणून लोकांनी नोंदणी सोडलेली, नोकरीला लागण्याचा वेग त्या मानाने थोडाच वाढलेला.

मास्तर_अर्थशास्त्र:
थोडं मध्ये बोलतो, दोन्हीकडून पुरावा आपल्याला हवा तेवढाच उचलला जातोय. साचेखातं, तुमचा मूळ मुद्दा म्हणजे थांबता आलं तर माणसाला त्याच्या कसबाची जागा मिळते आणि त्याने एकूण उत्पादन वाढतं, हा असेमोग्लू आणि शिमर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलाय. विमा नसला की सगळे सुरक्षित पण कमी उत्पादक कामाला चिकटतात, आणि मालकही मग तसल्याच जागा काढतात. पण हे मॉडेल आहे. प्रत्यक्ष आकडे मिश्र आहेत. ऑस्ट्रियात वयाची ४० पूर्ण झालेल्यांना ९ आठवडे जास्त मिळायचे, तिथं पुढच्या नोकरीचा पगार अर्धा टक्का वाढलेला दिसला. जर्मनीत तशाच वयाच्या रेषेवर बघितलं तर मुदत वाढल्यावर पगार किंचित घटला. कारण जास्त दिवस घरी बसलेल्याची किंमत मालकाच्या नजरेत कमी होते. तेव्हा सहा महिने दिले की विणकराला साचा मिळेलच असं नाही, गिरण्याच बंद पडत असतील तर नाहीच मिळणार.

आणि भोसरीकर, जर्मनीचं श्रेय सगळं हार्ट्झला देऊ नका. डुस्टमान आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलंय की १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच मजुरीचे करार उद्योगाच्या पातळीवरून कारखान्याच्या पातळीवर यायला लागले होते, स्पर्धा तिथून सुधारली.

सोलापूरची_लेक:
मी तिसरंच बोलणार आहे. तुम्ही सगळे पगारस्लिपवाल्यांबद्दल बोलताय. माझ्या आईच्या हातात आयुष्यात स्लिप आली नाही. ७२ च्या दुष्काळात तिने आणि आजीने पाझर तलावावर माती वाहिली, मुकादम मस्टरवर (हजेरीपटावर) नाव घालायचा, सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची. त्यातनं वि. स. पागे यांची रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला आणि पुढं देशाने २००५ मध्ये तीच कल्पना घेतली. तुमच्या पगारातून २०० रुपये प्रोफेशन टॅक्स कापतात ना, तो १९७५ मध्ये याच कामासाठी सुरू झाला. म्हणजे शहरातल्या नोकरदाराने गावातल्या बेकाराचा हप्ता भरला, हाच आमचा बेकारी विमा. आळसाचा प्रश्नच नाही, उन्हात खडी फोडायला आळशी माणूस येत नाही.

आणि वाढीचं म्हणाल तर आंध्रात मुरलीधरन, निहाउस आणि सुखटणकर यांनी अभ्यास केलाय. जिथं स्मार्टकार्डमुळे रोहयोची मजुरी नीट पोचायला लागली तिथं गरीब घरांचं उत्पन्न वाढलं, पण त्यातला बहुतेक भाग योजनेच्या पैशाचा नव्हता, बाहेरच्या कामाची मजुरी वाढली आणि कामही घटलं नाही. बाईला "नाही" म्हणता आलं की बागायतदार दर वाढवतो, एवढं साधं आहे. तेव्हा पैसे असतील तर आधी शहरी रोजगार हमी करा, साचेखातं दादा, विमा नंतर.

साचेखातं_परळ:
ताई, प्रोफेशन टॅक्सचं खरंच माहीत नव्हतं, इतकी वर्षं भरतोय. पण सीएनसी सेटरला रस्ता झाडायचं काम देऊन त्याचं कसब वाचत नाही. त्याला काही महिने शोधायला द्या, तो तुमच्यावर कायमचा भार नाही. मास्तर, गिरण्या बंद पडत असतील तर साचा मिळणार नाही हे कबूल, पण भिवंडीला साचे चालू होते हो, तिथं खोली घेऊन महिनाभर चाचपायला पैसे नव्हते घरात, एवढंच होतं.

भोसरीकर, तुमच्या पंधराव्या माणसाबद्दल. अमेरिकेत २०२१ च्या उन्हाळ्यात निम्म्या राज्यांनी कोविडचा जादा भत्ता लवकर बंद केला. ज्यांचा भत्ता गेला त्या आठ जणांमागे साधारण एकालाच त्यामुळे काम लागलं आणि सगळ्यांनी मिळून खर्च मात्र आवळला. तो खर्च म्हणजे कुणाच्या तरी दुकानातलं गिऱ्हाईक ना? ग्रुबर यांनी १९९७ मध्ये मांडलं होतं की नोकरी गेल्यावर भत्ता नसेल तर घरातला खाण्यावरचा खर्च २२ टक्क्यांनी पडतो, भत्ता असेल तर ७ च्या आसपास. आमच्याकडे तेव्हा दूध बंद झालं होतं. परळच्या डेअरीवाल्या भय्यानेही वर्षभरात गाळा विकला, त्याची तर गिरणीत नोकरीही नव्हती.

लघुउद्योजक_भोसरी:
भय्याचं पटलं. २०२० मध्ये माझंही तेच झालं, गिऱ्हाईकाचं गिऱ्हाईक आटलं.

तरी सहा महिने मला मान्य नाही, अजिबात नाही. ९० दिवसच ठेवा, पण आयुष्यात एकदाच ही अट काढा, आणि योजना मुदतवाढीवर मुदतवाढ करत चालवण्यापेक्षा कायम करा. टक्का वाढवू नका, छोट्यांचा हिस्सा सरकारने भरावा. आणि राजीनाम्याबद्दल. आमच्यात सगळेच लिहून घेतात, कारण काढलं म्हटलं की वर्षाला १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो आणि लेबर ऑफिसच्या फेऱ्या. मार्चमध्ये मी पण एका पोराकडून लिहून घेतलाय, ग्राइंडिंगवर होता, तीन वर्षं. त्याचे ईएसआयचे महिने पूर्ण भरलेले आहेत हे मला माहीत आहे. कागद फाईलला लावलेला आहे. कन्सल्टंटला सकाळी विचारतो की तो मागे घेऊन कामावरून कमी केल्याचं पत्र देता येतं का, आणि दिलं तर मला किती पडेल.

साचेखातं_परळ:
किती पडतं ते इथं नक्की लिहा. खरा आकडा हवाच आहे.