विमानात वजन जास्त झालं, तर दोष कोणाचा?

ओझरकर:
२०२७च्या सिंहस्थाला नाशिकच्या ओझर विमानतळावर खासगी विमानांची रीघ लागणार, म्हणून एक जुना अपघात काढतोय. २५ ऑगस्ट २००१, बहामाज बेटांवरचं मार्श हार्बर. गायिका आलिया, वय २२, चित्रीकरण आटपून मंडळींसह फ्लोरिडाला निघाली. विमान दोन इंजिनांचं छोटं सेसना ४०२. टेकऑफ घेतला आणि धावपट्टी संपते न संपते तोच कोसळलं. नऊच्या नऊ जण गेले. तपासात निघालं की वजन मर्यादेपेक्षा सुमारे तीनशे किलो जास्त होतं, एक माणूसही जादा. माझं मत सरळ आहे: पहिला दोष विमान भाड्याने घेणाऱ्यांचा. एवढं सामान कोणी चढवलं?

पंचवटीचा_पोऱ्या:
अजिबात पटत नाही. त्याच पायलटच्या शरीरात दारू आणि कोकेन सापडलं होतं, ते का गाळलं? आपल्याकडे उड्डाणाआधी १२ तास दारू वर्ज्य आहे. कॉकपिटमध्ये शेवटचा शब्द पायलटचा. प्रवाशाला वजनाचं काय कळतं?

ओझरकर:
गाळलं नाही, त्याने माझा मुद्दा मोडत नाही. वजन जास्त होतंय असं तो आधी बोलला होता, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. आणि शुद्धीतल्या पायलटवर दबाव येत नाही का? पैसे देणारी पार्टी मागे बसून घड्याळ बघत असते.

पंचवटीचा_पोऱ्या:
मग उतरायचं ना खाली! किल्ली कोणाच्या हातात असते?

एचएएल_निवृत्त:
दोघंही वजनावर अडलात. ते कुठे ठेवलं हे जास्त महत्त्वाचं. त्या विमानाचा सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, मर्यादेच्या मागे गेला होता. शेपटीकडे भार वाढला की नाक आपोआप वर जातं, आणि एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी, कितीही दाबला तरी खाली येत नाही. वेग पडतो, पंखाची उचल संपते, स्टॉल. शंभर फुटांवर स्टॉल झाला तर सावरायला खाली जागाच नसते. म्हणून ‘ओझरची पट्टी तीन किलोमीटरची आहे, काळजी नको’ असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. जास्तीच्या वजनाला लांब पट्टी थोडी तरी मदत करते, मागे गेलेल्या सीजीला नाही.

सिडको_ताई:
काका, पण ते समुद्राकाठी होतं. आपल्याकडे फरक पडतो का?

एचएएल_निवृत्त:
पडतो, आणि वाईट बाजूने. ओझर सहाशे मीटरवर. मे महिन्यात पारा ४० ला गेला की हवा इतकी विरळ होते, की विमान सोळाशे मीटर उंचीवर असल्यासारखं वागतं. इंजिनाचा जोर कमी, पंखाची उचल कमी. सकाळी सहाला निघणारं वजन दुपारी दोनला निघेलच असं नाही. टर्बो इंजिन, म्हणजे हवा दाबून आत घेणारं, जोर बराच टिकवतं, पण पंखाला ती सवलत नाही.

पिंपळगावचा_भाऊ:
त्र्यंबकच्या काळीपिवळीत चौदा जण बसतात, तिथे कोण काटा लावतंय! लोक विमानातही तेच करणार.

पंचवटीचा_पोऱ्या:
बघा, म्हणजे लोक असेच. म्हणूनच म्हणतो, नियम पायलटवर हवा.

ओझरकर:
नियम आहेच रे, पायलटवरच आहे. मार्श हार्बरलाही होता. पण तो नियम पाळला म्हणून नोकरी गेली, तर पुढच्या महिन्याचा हप्ता कोण भरणार? विमान चालवणाऱ्या कंपनीनेच निघण्याआधी बॅगा आणि माणसं वजनकाट्यावर घ्यावीत, आकडा प्रवाशासमोर लिहावा. मग वाद पायलट आणि पार्टीत राहत नाही, काट्याशी राहतो.

सिडको_ताई:
मोठ्या महाराजांना काट्यावर उभं करणार कोण? तुम्ही?

पंचवटीचा_पोऱ्या:
पायलट करेल. तेवढी धमक नसेल तर त्याने विमानात बसूच नये.

एचएएल_निवृत्त:
महाराज बसतील पुढे. बॅगा मागे टाकू नका म्हणजे झालं.