उजवा हात प्लास्टरमध्ये, घरात एकटी. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. उजव्या मनगटाजवळचं हाड मोडलंय. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर सांगितलंय. हात उशीवर उंच ठेवा, बोटं हलवत राहा, बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच या, हे सगळं समजलं. पण एका हातानं कणीक कशी मळायची हे कोणी सांगत नाही! शेवटी डबा लावला.

खरी पंचाईत नागपूरच्या मे महिन्याची. पारा ४५ च्या घरात, आत घाम आणि नुसती खाज. विणायची सुई घालायची नाही हे माहीत आहे, कातडी सोलली की आत पिकतं. पावडरलाही मनाई. ड्रायरची गार हवा कोणी वापरून पाहिली आहे का? आणि कुलरमध्ये पाणी कसं भरता? बादली उचलवत नाही, नळापासून पाईप टाकावा म्हणते.

आंघोळीला पिशवी बांधते, तरी कडेनं पाणी शिरतंच. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) समोरून बटणांचे, सैल बाह्यांचे कुर्ते कुठे मिळतील? आणखी एक, डाव्या हाताची सही बँकेत जुळणार नाही. अंगठा चालतो का?

"सावकाश होईल" सोडून काहीही सांगा.