ठिसूळ हाडं रक्तातच असतात का? डीएनए टेस्टवर पैसे घालावेत का?

मोरपंखी:
आज्जी ७१व्या वर्षी मोरीत घसरली, खुबा मोडला. दोन महिन्यांपूर्वी आई (६६) उंबऱ्याला अडखळून पडली तर मनगट गेलं. नुसतं हात टेकल्याचं निमित्त! मी ४४. भाऊ म्हणतो थुंकीची डीएनए टेस्ट कर, हाडांचा रिस्क कळतो. महाग आहे, पण माझं मत करावी. घराण्यातच असेल तर आधी कळलेलं बरं ना?

कोकमसार:
नक्की करा. स्वीडनमध्ये जुळ्यांवर मोठा अभ्यास झाला होता, २००५चा, खुबा ६९च्या आत मोडला तर त्यात आनुवंशिकतेचा वाटा ६८ टक्के. आणि लोक कॅल्शियमच्या गोळ्यांवर गोळ्या खातायत.

खडीसाखर:
पुढचं पण सांगा की. त्याच अभ्यासात ६९ ते ७९ ला ४७ टक्के आणि ७९ नंतर फक्त ३! म्हणजे बहुतेक खुबे ज्या वयात मोडतात तिथे ओली फरशी, मोतीबिंदू, झोपेची गोळी हेच जास्त. आणि वाटा म्हणजे माणसामाणसातल्या फरकातला वाटा, आज्जीचं अर्धं हाड जीननी मोडलं असं नाही होत ते.
२०१८ ला जवळपास ३८ हजार फ्रॅक्चरवाल्यांचा डीएनए तपासला, जीनोममधल्या १५ जागा सापडल्या, एकेकीचा परिणाम किरकोळ. रिपोर्टमध्ये रंगीत काटा येईल लाल पट्ट्यात, बघून घाबरायचं आणि करायचं तेच, चालायचं, वजनं उचलायची.

कोकमसार:
किरकोळ कसं? नेदरलँड्समधल्या उर्क गावातल्या काही कुटुंबांत हाडं वाढतच जातात, जबड्याचं हाड जाड, कवटीत नस दाबून बहिरेपण, पण हाड सहसा मोडत नाही. स्क्लेरोस्टिन नावाचा हाडाला लगाम घालणारा प्रोटीन त्यांच्यात कमी पडतो, कारण त्या जीनजवळचा तुकडाच गळालाय. त्यावरूनच रोमोसोझुमॅब हे ठिसूळ हाडांवरचं इंजेक्शन निघालं, अमेरिकेत २०१९ ला मंजूर. जीन फालतू म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

खडीसाखर:
वाचलंय. पण ते इंजेक्शन देताना तुमचा डीएनए कोण विचारतं? डेक्साचा (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती, ते बघतात, आधी काय मोडलं ते विचारतात, वर्षभरात हार्ट अटॅक आला होता का विचारतात. जीनचा उपयोग औषध शोधणाऱ्याला झाला, मोरपंखीताईंना नाही.

तिरफळ:
दोघं भांडताय छान, पण ताई, हाड मोडायचा धोका सांगणारं फ्रॅक्स नावाचं फुकट कॅल्क्युलेटर आहे, चाळिशीपासून पुढे चालतं, त्यात घराण्याबद्दल आईवडिलांचा खुबा मोडलाय का एवढंच विचारतात. आज्जीचा नाही. तुमचं उत्तर 'नाही'. तेव्हा तुमचं राहू दे. आईंचं डेक्सा केलं का? ६६व्या वर्षी उंबऱ्यावर मनगट म्हणजे ती टेस्ट झालीच की, रिझल्टसकट.

मोरपंखी:
नाही केलं. प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, हाडांच्या तपासणीचं कुणी बोललंच नाही आणि मलाही सुचलं नाही. उद्याच फोन करते. भावाला सांगितलं तर म्हणतो आईची पण थुंकी पाठवू 🤦‍♀️