रसायनशास्त्रातील एमएस्सीसाठी 6 लाखांचे कर्ज काढावे का?

प्रश्न (दादर): कन्येच्या खासगी विद्यापीठातील एमएस्सीसाठी दरवर्षी 3 लाख कर्ज घ्यावे लागेल. संभाव्य पगार पाहता ते परवडेल का?

उत्तर 1: दहा टक्के सरळव्याज धरल्यास, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि नंतरचे हप्ते न भरण्याच्या सवलतीचे वर्ष संपेपर्यंत सुमारे दीड लाख व्याज साचते, आणि साडेसात लाखांचा 7 वर्षांसाठीचा मासिक हप्ता सुमारे 12,450 रुपये होतो. तळोजा किंवा तारापूरच्या औषध कारखान्यातील नवख्या विश्लेषकाला, त्यात घरभाडे असल्यास, तो जड जाईल असे मला वाटते.

उत्तर 2: शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेल्यास ते मुद्दलात जोडले जात नाही. जुन्या करप्रणालीत व्याजावर 8 वर्षांपर्यंत वजावट मिळते, मुद्दलावर मात्र नाही.

उत्तर 3: आधी मुंबई विद्यापीठ आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था येथील प्रवेशाचा प्रयत्न करावा.