मदत हवी आहे: मत्तय २५ आणि इफिस २ एकत्र कसं शिकवू?

जय ख्रिस्त मंडळी. रविवारी तरुण संघात बायबलमधला मत्तय २५ घ्यायचाय. शेवटच्या न्यायाच्या वेळी मेंढरं आणि शेरडं, म्हणजे नीतिमान आणि बाकीचे, वेगळे केले जातात तो भाग. तिथे न्याय होतो तो भुकेल्याला खायला दिलं का, तुरुंगातल्याला भेटलात का यावर. इफिस २:८ मात्र सांगतं, तारण कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे. याकोब २:१७ काढून ‘क्रियांवाचून विश्वास निर्जीव’ एवढं सांगता येतं, पण मुलं तेवढ्यावर गप्प बसणारी नाहीत!

एकीची आजी वारकरी होती, गेल्या वर्षी वारली. ‘ती नरकात आहे का?’ असं तिने सरळ विचारलं. मी रोम २:१४-१६ (नियमशास्त्र नसलेल्यांच्याही अंतःकरणात ते लिहिलेलं असतं, असं सांगणारा भाग) वाचून दाखवलं, पुढे अडखळलो.

शिवाय लूक १६ मधला ‘अधोलोक’, म्हणजे मृतांचं ठिकाण, आणि गेहेन्ना, म्हणजे ‘नरक’, यांतला फरक सोप्या शब्दांत कसा सांगता? पाळकसाहेब बाहेरगावी आहेत.