साथीत पण टेंडरच काढत बसायचं का?

सिंहगडरोडकर: २०२५ च्या जानेवारीत पुण्यात आमच्या नांदेड-किरकटवाडीकडे जीबीएस (नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) पसरला तेव्हा शेजारच्या काकांना आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं अँटिबॉडीचं औषध) लागलं. किलोमागे २ ग्रॅम, पाच दिवसांत विभागून, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या! त्यांचा पोरगा बर्फाचा डबा घेऊन मेडिकल पालथे घालत होता आणि सरकारी दवाखान्यात 'प्रोसेस चालूय' एवढंच. आतलं माहिती असलेलं कोणी सांगेल का, नक्की अडतं कुठे?

रिटायर्ड_भांडारपाल: अहो टेंडरला शिव्या नंतर द्या, नियमात वाट आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम ६७(३) खाली आयुक्त तातडीची खरेदी करू शकतात, केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत पण इमर्जन्सीला एकाच पुरवठादाराकडून घ्यायची सोय आहे. अडतं सहीवर. चार वर्षांनी ऑडिटवाला विचारणार हा रेट कुठून आणला, तोवर साहेब बदलून गेलेले, फाईलवर सही आमची. मी तर तीन कोटेशनं समोर आल्याशिवाय पेनाचं टोपण काढत नव्हतो, खोटं कशाला बोलू. दरकरार, म्हणजे सप्लायरशी रेट ठरवून ठेवलेला करार, आधीच हवा, मग साथीत फक्त सप्लाय ऑर्डर काढायची.

औषध_सप्लायर: दरकरार म्हणताय पण बिलाचं काय?? आमचं एक बिल सव्वा वर्ष लटकलं होतं, रोज फोन केला की 'टेबलवर आहे'. टंचाईत रेट वर जातो आणि आम्ही जुन्या रेटला बांधलेले, मग माल रोख देणाऱ्याकडेच जाणार ना. तमिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीचं महामंडळ काढलं, जिल्ह्यात गोदामं, दवाखान्याला पासबुक, त्यात जेवढी रक्कम तेवढा माल उचला. आपल्याकडे खरेदी आधी हाफकिन या सरकारी कंपनीकडे, मग २०२३ ला कायदा करून खरेदी प्राधिकरण.

पेठेतला: घाई करा हो, पण कोणाच्या फायद्याची? रेट, नग, सप्लायरचं नाव त्याच दिवशी वेबसाईटवर टाका, मग खुशाल टेंडर न काढता घ्या.

सिंहगडरोडकर: @भांडारपाल आधीच घेऊन ठेवलं आणि एक्स्पायर झालं तर?

रिटायर्ड_भांडारपाल: होणारच, एका जागी ठेवलं तर. आयव्हीआयजी मोठ्या हॉस्पिटलात एरवीही लागतं. मुदत सहा महिन्यांवर आली की तिकडे पाठवायचं, बदल्यात तेवढाच ताजा माल आपल्या फ्रीजमध्ये. फक्त या दवाखान्याचा माल त्या दवाखान्यात न्यायला पण एक फाईल लागते 😄